वाचकांचे प्रश्न : बार्सेलोनाच्या जुन्या गल्ल्यांत

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. ऑक्टोबरात क्रूझवर बार्सेलोनाला एक दिवस मिळतोय. जुन्या गावातल्या बाजारगल्ल्या बघायची फार इच्छा आहे, पण मुलगी म्हणते, तिथे आता टी-शर्ट आणि फ्रिजवरची चुंबकंच मिळतात. जावं का? माझे गुडघे दुखतात.
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, जरूर जा. मुलगी म्हणते ते ला रांब्ला या पर्यटकांनी गजबजलेल्या रस्त्याच्या बाबतीत खरं आहे, म्हणून तिथे वेळच घालवू नका. बंदरावरून टॅक्सी करा आणि सान्ता मारिया देल मार या चौदाव्या शतकातल्या चर्चजवळ उतरा.

चर्चला लागूनच सोम्ब्रेरर्स ही गल्ली आहे. एके काळी ती टोप्या करणाऱ्यांची होती. आसपास आरसेवाले, काचवाले, घोंगडीवाले. आपल्या पुण्यातल्या तांबट आळीसारखी एकेका धंद्याची एकेक गल्ली. टोपीवाले गेले, पण तिथलं कासा जिस्पेर्त हे १८५१ सालचं दुकान बघाच. आत लाकडावर चालणारी जुनी भट्टी आहे, बदाम आणि हेझलनट तिच्यातच भाजतात. हेझलनट पाव किलो घ्या आणि थोडे तिथल्या तिथे खा. असा खमंगपणा पाकिटातल्या मालाला येत नाही.

मग व्हिया लायेताना हा मोठा रस्ता ओलांडा. पलीकडे थोड्याच अंतरावर सेरेरिया सुबिरा, १७६१ पासूनचं मेणबत्त्यांचं दुकान. शहरातलं सर्वांत जुनं दुकान म्हणून ते ओळखलं जातं. आतला वळणदार जिना आणि दिवे धरलेले पुतळे सावकाश बघा. गुडघ्यांनी साथ दिली तर पुढे अविन्यो गल्लीत तागाच्या तळव्यांच्या चपला हाताने शिवून मिळतात. नाही दिली तर मनाला लावून घेऊ नका.

एक कळकळीची विनंती. या दुकानांत नुसते फोटो काढून निघू नका, थोडं का होईना, काही विकत घ्या. स्पेनमध्ये जुन्या, गोठवलेल्या दुकानभाड्यांना कायद्याने दिलेली मुदत २०१४ अखेर संपली, भाडी एकदम चढली आणि कितीतरी पिढीजात दुकानांना टाळं लागलं. जी उरली आहेत ती गिऱ्हाइकांच्या जिवावरच टिकतील.

सकाळी दहाच्या सुमारास पोचा; दुपारी दोननंतर बरीच छोटी दुकानं दोन-तीन तास बंद असतात. पर्स पुढे धरा, खिसेकापू फार आहेत. आणि बोट रविवारी लागणार नाही ना, हे आत्ताच तपासा. त्या दिवशी बहुतेक शटर खाली असतात.