बारावीची मुलगी आणि मुंबईचं स्थळ

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. येत्या ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील. गणपतीत आलेल्या चाकरमान्यांनी मुंबईचं स्थळ सुचवलंय, मुलगा कायम नोकरीत आहे. त्यांना मेमध्येच लग्न हवं. ‘पुढचं आम्ही शिकवू’ म्हणतात. घरचे म्हणतात, तीनच महिने कमी, कोण विचारतंय? आम्ही तिलोरी कुणबी, ओबीसी.
– एक आई, लांजा तालुका

उत्तर : ताई, मेमध्ये लग्न लावू नका. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात एका दिवसाचीही सवलत नाही. नवरामुलगा, दोन्हीकडचे पालक, लग्न लावणारे भटजी या सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो (बायकांना कैद नाही, दंड आहे). गावात ग्रामसेवकच प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर कुणीही कळवू शकतं.

कायदा बाजूला ठेवला, तरी मे महिनाच वाईट. सीईटी आणि बारावीचा निकाल लग्नसराईतच येतात, आणि कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या त्यामागोमाग. ‘शिकवू’ म्हणणारे खोटं बोलत असतीलच असं नाही. पण त्या वर्षीचा प्रवेश हुकतो आणि पुढच्या वर्षी घरात पाळणा हलतो.

फीची धास्ती असेल, तर २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही. खोली-मेसचा खर्च मात्र धरून चाला.

खरं अडतं जातपडताळणीत, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याच्या सरकारी तपासणीत. कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज आताच करा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा उत्तम. जुन्या रजिस्टरात पुष्कळदा आडनावच नसतं, नुसतं ‘गोविंद सखाराम’. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि जमिनीचे जुने फेरफार जोडून नातं दाखवावं लागतं. त्यात महिने जातात, म्हणून दिवाळीची सुट्टी लागण्याआधी शाळा गाठा. नॉन-क्रिमीलेयर (ओबीसींतल्या सधन गटात नसल्याचा) दाखलाही ३१ मार्चनंतर चालेल असाच घ्या.

स्थळाला स्पष्ट सांगा : डी.फार्म.सारखी औषधनिर्माणाची पदविका दोन वर्षांची आहे, ती झाली की बोलू. थांबायचे ते थांबतील. तोवर साखरपुडाही नको. एकदा साखर वाटली की तारीख पुढे ढकला म्हणायला मुलीच्या बापाची जीभ रेटत नाही.