उपबटू म्हणजे बटूपेक्षाही बारका तारा का?

प्रश्न असा आलाय की एका लेखात हॉट सबड्वार्फला ‘उष्ण उपबटू’ म्हटलंय, तर हा श्वेतबटूपेक्षाही छोटा असतो का, आणि त्याच्या जोडताऱ्यांबद्दल वाचताना सारखं ‘अतिनील’ का येतं.

छोटा नाही, चांगला मोठा असतो. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, साधारण पृथ्वीएवढा आणि हा सूर्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. गोंधळ होतो कारण बटू म्हटलं की आपल्याला श्वेतबटूच आठवतो, पण खगोलवाले मुख्य क्रमावरच्या, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या साध्या ताऱ्यांनाही ड्वार्फ (बटू) म्हणतात, सूर्यसुद्धा पिवळा बटूच. तापमान आणि तेज मांडलेल्या आलेखात त्या मुख्य क्रमाच्या पट्ट्याखाली जो पडतो तो उपबटू, म्हणजे इथला ‘उप’ आकाराचा नाहीच, जागेचा आहे. सबड्वार्फ हा शब्द खगोलशास्त्रज्ञ कायपरने १९३९ मध्ये आणला, त्याआधी अशा ताऱ्यांना ‘मधले श्वेतबटू’ म्हणायचे.

आता अतिनील. उष्ण उपबटू म्हणजे बहुतेक वेळा जोडीदाराने बाहेरचं हायड्रोजनचं कवच ओरबाडून नेलेला तारा, आतला तापलेला गाभाच उरलेला. तापमान वीस-तीस हजार केल्विन, कधी त्याच्याही पुष्कळ वर, त्यामुळे त्याचा बहुतेक प्रकाश अतिनील पट्ट्यात जातो. ययाती तारकासमूहातला फाय पर्सेई हा जोडतारा घ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यातला मोठा तारा जोडीदार उपबटूचं वस्तुमान घेऊन भन्नाट वेगाने फिरतोय आणि दृश्य प्रकाशात त्याच्या झगमगाटापुढे उपबटू दिसतच नाही, पण अतिनीलमध्ये त्याचा वाटा वाढतो आणि १९९८ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या अतिनील वर्णपटांत त्याच्या स्वतःच्या रेषा वेगळ्या काढता आल्या, तापमान निघालं पन्नास हजारांच्या वर! हे जमिनीवरून जमत नाही, ओझोन आडवा येतो. म्हणून तर भारताच्या अॅस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहावर खास अतिनील दुर्बीण बसवली, तिच्या कामात पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेचाही हात आहे.

विश्वकोशात अतिनीलला ‘जंबुपार’ म्हणतात, जांभळ्याच्या पलीकडचं, आणि मला तोच शब्द जास्त नेमका वाटतो कारण वर्णपटाच्या टोकाला जांभळा असतो, निळा नाही. पण शाळेच्या पुस्तकामुळे अतिनील सगळ्यांच्या तोंडी बसलाय, तोच लिहावा. उपबटू मात्र पहिल्यांदा लिहिताना ‘मुख्य क्रमाखालचा गरम तारा’ एवढं सोबत जोडाच.