एकाच बागेतल्या दोन माश्या

प्रश्न : नवी प्रजाती तयार व्हायला मध्ये डोंगर किंवा समुद्र आडवा यावाच लागतो का? एकाच ठिकाणी राहून एकीच्या दोन होऊ शकतात का?

उत्तर : होऊ शकतात, पण ते अवघड असतं. एकत्र राहणारे जीव आपसांत जुगतात आणि पडलेला फरक पिढीगणिक पुसला जातो. तरीही तो टिकतो कसा, हे अमेरिकेतल्या सफरचंदाच्या माशीत (ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला) चांगलं दिसतं.

ही माशी मूळची हॉथॉर्न या रानझाडाच्या फळांवरची. सफरचंद तिकडे युरोपातून आलं. 1860 च्या दशकात हडसन नदीच्या खोऱ्यात सफरचंदांत तिच्या अळ्या सापडू लागल्या आणि बेंजामिन वॉल्श यांनी तेव्हाच, ही नव्या प्रजातीची सुरुवात असू शकेल, असं सुचवलं. माशी जुगते ती फळावरच किंवा फळाजवळ. म्हणजे झाड निवडलं की जोडीदारही जवळजवळ ठरला. त्यात सफरचंद हॉथॉर्नच्या सुमारे 3-4 आठवडे आधी पिकतं आणि माशीचं आयुष्य जेमतेम महिनाभराचं.

सरमिसळ तरीही थांबलेली नाही. दर पिढीला सुमारे 4-6 टक्के होते. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोन्ही बाजूंनी 5 टक्के धरले तर फरक दर पिढीला एक दशांशाने घटतो, म्हणजे 7 पिढ्यांत निम्म्याच्याही खाली. वर्षाला पिढी एकच. त्या हिशोबाने फरक केव्हाच मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण नैसर्गिक निवड तो दरवर्षी पुन्हा उभा करते.

ही निवड मातीत होते. सफरचंद लवकर गळतं, अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुढे बरेच दिवस ऊब असते. सुप्तावस्था कच्ची असेल तर माशी त्याच शरदात बाहेर येते. अंडी घालायला फळ नाही, वर थंडी. संपली! हॉथॉर्नच्या कोषाला ही ऊब थोडेच दिवस मिळते. प्रयोगात हॉथॉर्नचे कोष हिवाळ्याआधी जास्त दिवस उबेत ठेवले, तेव्हा जगलेल्यांतलं जनुकांचं प्रमाण सफरचंदाच्या माशीकडे झुकलं. अजून या दोन प्रजाती मानत नाहीत. वाट अर्धी झाली आहे, एवढंच.

(आपल्याकडे आंब्यात अळ्या करणारी फळमाशी निराळी. तिला पेरूही चालतो, चिकूही. इतक्या बेफिकीर माशीत फळावरून अशी फाटाफूट होणं कठीण.)

प्रश्न : असे लपलेले दोन गट आकडेमोडीने ओळखता येतात का?

उत्तर : येतात. समजा, सापळ्यातल्या 200 माश्यांत एका जनुकाची क आणि ख ही रूपं तपासली : कक 68, कख 64, खख 68. प्रत्येक माशीत जनुकाच्या दोन प्रती, म्हणून एकूण 400. क चं प्रमाण (2 × 68 + 64) ÷ 400 = 0.5. सगळ्या मोकळेपणाने जुगत असत्या तर हार्डी-वाइनबर्गच्या नियमानुसार (मोकळ्या जुगण्यात रूपांच्या प्रमाणावरून जोड्या किती पडतील, हे सांगणारा नियम) 50, 100, 50 अपेक्षित. कख 36 ने कमी, काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतली तफावत मोजणारा आकडा) 25.92, योगायोगाने चालेल अशी नेहमीची मर्यादा 3.84. हे नुसत्या योगायोगाने होणं जवळजवळ अशक्य.

आता झाडानुसार वेगळं मोजा. एका झाडावर 64, 32, 4 आणि दुसऱ्यावर 4, 32, 64 निघाल्या, तर प्रत्येक गट आपापला अगदी नियमात बसतो! तूट निव्वळ दोन गट एकत्र मोजल्याने आली. याला वालुंड परिणाम म्हणतात. (खऱ्या माश्यांत फरक इतका ठळक नसतो, त्यामुळे नमुना मोठा लागतो.)

फसायला होतं ते इथे : पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याच्या तंत्रात) एखादं रूप उमटलंच नाही, तर कख ही कक म्हणून नोंदली जाते आणि तशीच तूट दिसते. म्हणून निदान 8-10 जनुकस्थानं (डीएनएवरच्या वेगवेगळ्या जागा) तपासा. तूट एकाच स्थानी असेल तर आधी प्रायमरवर (पीसीआरची सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर) संशय घ्या. सगळीकडे असेल तर नात्यातलं प्रजनन किंवा लपलेले गट. झाडानुसार विभागल्यावर ती गेली तर गट. विभागूनही राहिली तर बहुधा नात्यातलं प्रजनन. त्यामुळे नमुने गोळा करतानाच प्रत्येक कुपीवर झाड आणि तारीख लिहा. नंतर ते कळायला मार्ग नसतो.