गाडीच्या बोनेटवर आणि बंपरवर चिकटलेले किडे रंग खराब न करता कसे काढावेत? रॉकेल चालतं का?

तुमची दर आठवड्याला सोलापूर–पुणे ये-जा आहे, गाडीचं तोंड किड्यांनी भरतं आणि ओळखीच्या मेकॅनिकने रॉकेलचा बोळा फिरवायला सांगितलाय. रॉकेल लावू नका. ते सहज मिळत नाही म्हणून लोक डिझेल वापरतात, तेही नको. पेट्रोलही नको आणि थिनर तर गाडीच्या जवळसुद्धा नको.

कारण साधं आहे. रॉकेल डांबर विरघळवतं, ग्रीस विरघळवतं. किडा म्हणजे प्रथिनं आणि वरचं कडक कवच, त्याला रॉकेलने काहीही होत नाही. मग बोळा फिरवल्यावर तो निघतो कसा? घासल्यामुळे निघतो. कवचाचे तुकडे, पंख, पाय आणि त्यावर बसलेली हायवेची धूळ, सगळं बोळ्याखाली धरून तुम्ही रंगावर फिरवता. शिवाय रंगावर वॅक्सचा म्हणजे मेणाचा थर असेल तर तो जातो, मागे तेलकट थर राहतो, त्यावर आपल्याकडची धूळ तासाभरात बसते, आणि काचेच्या कडेचं रबर फुगतं ते वेगळंच.

हे सगळं एकाच बोनेटवर बघायला मिळालं. गडद निळी हॅचबॅक, मे महिन्यातली. संध्याकाळी पुण्याहून निघालेली, म्हणजे भिगवण ते टेंभुर्णी ऐन दिवेलागणीला. उजनीच्या फुगवट्यावरची चिलटं आणि उसातले तुडतुडे त्याच वेळी दिव्यांवर येतात. गाडी घरी पोचली आणि दोन दिवस उन्हात उभी राहिली. नंतर एका वॉशिंग सेंटरवर पोऱ्याने हिरवी घासणी आणि डिझेल घेतलं. डावी बाजू घासून झाली तेव्हा मालकाचं लक्ष गेलं आणि त्याने थांबवलं. म्हणून अर्धं बोनेट घासलेलं आणि अर्धं जसंच्या तसं, असं काम समोर आलं.

डाव्या बाजूला किडा एकही नव्हता. टॉर्च तिरका धरला की मात्र अर्धगोल ओरखडे दिसत होते, हाताच्या फेऱ्यात जसे पडतात तसे, एकावर एक. त्यातल्या चारांमध्ये नख अडकत होतं. नख अडकलं की पॉलिशने पूर्ण जाईल अशी आशा सोडायची. उजव्या बाजूला मुगाच्या दाण्यापासून बोटाच्या पेराएवढे डाग, कडेला पिवळट, मध्ये काळं कवच. त्यावर ओला टॉवेल टाकून वीस मिनिटं ठेवला, मधून मधून पाणी ओतलं. टॉवेल उचलला तेव्हा निम्मे किडे टॉवेललाच आले. बाकीचे फडक्याच्या दोन-तीन हलक्या फिरवण्यात निघाले. दोन जागी फिकट कडं राहिलं. तो ओरखडा नव्हता, रंग खाल्ला गेला होता. दोन दिवसांच्या उन्हाची ती किंमत.

खाल्ला जातो म्हणजे काय होतं ते सांगतो. कंपनीच्या रंगात सगळ्यात वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहून पातळ. मेच्या उन्हात गडद रंगाचं बोनेट 70 अंशांच्या पुढे तापतं, क्लिअर थोडा मऊ पडतो. फुटलेल्या किड्याचा रस त्यावर वाळताना आक्रसतो आणि कुजताना आंबट होतो. तेवढ्या जागी क्लिअर खचतो. म्हणून किडा काढण्यात जोर कामाचा नाही, वेळ कामाचा आहे. पहिल्या रात्रीचा किडा साध्या पाण्याने सुटतो, तिसऱ्या दिवशीचा कधी कधी ठसा ठेवून जातो. ‘रगडल्याशिवाय निघत नाही’ म्हणणाऱ्यांनी तो कधी पुरता भिजवलेलाच नसतो.

आता पद्धत. गाडी सावलीत, बोनेट हाताला गार लागलं पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी सहा-साडेसहा किंवा रात्री. आधी साध्या पाण्याने धूळ घालवा, हात न लावता. मग हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घ्या, उकळतं नाही. त्यात जुना सोलापुरी टॉवेल बुडवून बोनेटवर पसरा, दुसरा बंपरवर चिकटवा. आपला टेरी टॉवेल इथे उत्तम, त्याचे फासे पाणी धरून ठेवतात. पण तो फक्त पसरायचा. त्याने घासायचं नाही, कारण काठाची शिवण ओरखडे काढते. आणि जुनी चादर गाडी पुसायला काढतात ते तर बंदच करा, ते जाड सूत अंगावर घेण्यासाठी आहे.

पंधरा ते वीस मिनिटं टॉवेल ओला ठेवा, दर पाच मिनिटांनी अर्धा मग पाणी. तोवर बादलीत, पंधरा लिटर पाण्याला 30 ते 40 मिली कार शाम्पू करून ठेवा. भांड्याचा साबण नको, तो वॅक्स काढून टाकतो. दुसऱ्या बादलीत नुसतं पाणी, फडकं धुवायला. मायक्रोफायबरचं फडकं शाम्पूत बुडवून किड्यावर क्षणभर दाबून धरा, मग एका दिशेने हलकं ओढा. गोल फिरवू नका. प्रत्येक चार-पाच किड्यांनंतर फडक्याची घडी बदला, साध्या पाण्यात पिळा. जो निघत नाही त्यावर ओलं फडकं ठेवून पुढे जा, पाच मिनिटांनी परत या. बोटावर जोर आला असं जाणवलं की थांबायचं.

कुठला स्प्रे, तर किडे काढायचा कुठलाही चांगला स्प्रे चालेल, नावात फार फरक नाही. दोन-तीन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, वाळला तर त्याचाच डाग पडतो. आधी कोपऱ्यात करून बघा. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, पांढरा मेलामाइनचा स्पंज, हे तिन्ही बारीक पॉलिश पेपरच समजा.

शेवटचं पाणी महत्त्वाचं. बोअरच्या पाण्याचे थेंब वाळले की पांढरे ठिपके बसतात आणि तेही पुढे रंगाला लागतात. आरओचं टाकाऊ पाणी साठवून गाडी धुणारे बरेच आहेत. पाणी वाचवायची भावना रास्त आहे, नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात ती असायलाच हवी, पण त्या पाण्यात क्षार उलट जास्त असतात. त्याने चाकं आणि मडगार्डची आतली बाजू धुवा. बोनेटसाठी एसीच्या नळीचं पाणी फडक्यातून गाळून बाटलीत भरून ठेवा. ते हवेतून जमलेलं असतं, क्षार जवळपास नसतात. शेवटी तेच मारा आणि कोरड्या मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्या.

कडं राहिलं असेल तर नख फिरवून बघा. अडकत नसेल तर फिनिशिंग पॉलिश मटाराच्या दाण्याएवढं फोमवर घेऊन तेवढ्याच जागी हाताने करा. संपूर्ण बोनेटला रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून चकाकवायची पेस्ट, मारून घेऊ नका. कंपाउंडची प्रत्येक फेरी क्लिअरमधून काही मायक्रॉन नेते आणि ते परत येत नाहीत. जाडी मोजायचं यंत्र सगळे थर मिळून आकडा सांगतं, क्लिअर किती उरलाय ते सांगत नाही, तेव्हा यंत्र दाखवून कोणी निर्धास्त करत असेल तर हे लक्षात असू द्या. त्या निळ्या गाडीची डावी बाजू मशीनने फिरवून ऐंशी टक्के दिसेनाशी झाली. ते चार खोल ओरखडे मुद्दाम ठेवले, कारण त्यांच्या मागे लागलो असतो तर दोन वर्षांत बोनेट रंगवावं लागलं असतं.

काचेवर किडे असताना कोरडा वायपर चालवू नका, चरबट थर पसरतो आणि समोरून येणाऱ्या दिव्यात काही दिसत नाही. हेडलाइट काच नाही, प्लास्टिक आहे. त्यावर ब्लेड किंवा स्पिरिट नको. जाळीमागच्या कंडेन्सरवर प्रेशरचं पाणी जवळून मारलं की पापुद्र्यासारखे फिन वाकतात आणि एसी गार करत नाही. तिथे साध्या पाइपची धार लांबून.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावरचा कडक पारदर्शक लेप. तो केला की किडा खात नाही असं सांगून विकतात, ते खरं नाही. किडा लवकर सुटतो, एवढंच. खरा अडसर पीपीएफचा, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचा, ती साधारण 150 ते 200 मायक्रॉनची असते. पूर्ण गाडीला परवडत नसेल तर बंपर, आरशांची टोपणं आणि बोनेटचा पुढचा फूट-दीड फूट पुरे. तेही नको असेल तर निघायच्या आदल्या दिवशी तेवढ्याच भागाला वॅक्स लावा, पातळ.

राहिलेलं एक. तुमचं बोनेट पूर्वी गॅरेजमध्ये रंगवलेलं असेल तर वरचे आकडे धरू नका. तो रंग कंपनीच्या भट्टीत भाजलेला नसतो, बऱ्याचदा मऊ असतो, स्प्रेसुद्धा एक मिनिटाच्या वर ठेवू नका. नवीन रंगवलं असेल तर रंगाऱ्याला विचारल्याशिवाय वॅक्स लावू नका, आत अडकलेला थिनर बाहेर पडायला काही आठवडे जातात. मॅट रंगाला पॉलिश कधीच नाही.

आणि रात्री अकराला थकून घरी पोचलात तर हे सगळं करायची गरज नाही. दोन मग पाण्याने धूळ घालवा, ओला टॉवेल टाका, जेवून या, टॉवेल उचलून पाणी ओता आणि झोपा. बाकीचं सकाळी ऊन चढायच्या आत.