छोट्या जोडीवर कॉल करायचा की नाही?

प्रश्न : मी ऑनलाइन अगदी छोट्या स्टेक्सवर (कमी पैशांच्या टेबलवर) नो-लिमिट होल्डेम, म्हणजे दोन पानं हातात आणि पाच सामाईक असलेला पोकर, खेळतो. दोन-दोन ते सहा-सहा अशी जोडी आली की मी दरवेळी कॉल करतो (समोरच्याच्या बेटइतके पैसे टाकतो), जोडी तर हातात आहेच ना म्हणून. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पानांत) मोठी पानं येतात, तरी मी एखादा कॉल करून बघतो आणि शेवटी हरतोच. सेट लागला (जोडीला तसंच तिसरं पान आलं) तरी हातात फार काही पडत नाही. या जोड्या सरळ फोल्ड करू का, म्हणजे टाकून देऊ का?

उत्तर : नका करू फोल्ड, पण "जोडी हातात आहेच" हा विचार आधी काढून टाका, कारण चार-चारची कमाई त्या जोडीतून होत नाही, ती होते समोरच्याच्या उरलेल्या स्टॅकमधून (त्याच्या पुढ्यातल्या चिप्समधून). फ्लॉपवर सेट लागतो साधारण १७ वेळांत २ वेळा. म्हणजे ३ बिग ब्लाइंडचा (बिग ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने टाकायचा मोठा बेट, पुढचे सगळे आकडे त्यातच) कॉल धरला तर १५ वेळा मिळून ४५ ब्लाइंड गेले, आणि ते त्या २ वेळांत भरून काढायचे, एकेका सेटमागे २२ च्या वर. प्रत्येक सेट काही पैसे देत नाही, कधी सेट लागूनही हरतो, म्हणून मी कॉल करण्याआधी बघतो की दोघांकडेही कॉलच्या किमान १५-२० पट चिप्स मागे उरल्या आहेत का. समोर ३० ब्लाइंडवाला बसलाय तर मी सोडून देतो. तुम्ही रेझ केलंत (बेट वाढवलात) आणि कोणी १० चा थ्री-बेट (त्यावर पुन्हा रेझ) टाकला तरी बहुतेकदा सोडाच, त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर तीनातल्या दोन फ्लॉपला त्याला काहीच लागत नाही, मग तुमच्या सेटला तो पैसे देणार कशातून?

आता सेट लागूनही मिळत नाही ते का, हे एका हँडवरून सांगतो. दोघांकडे १०० ब्लाइंड, त्याचा ३ चा रेझ, मी बटणावर (सगळ्यात शेवटी खेळी करायच्या जागी) चार-चार घेऊन कॉल, पॉट (मधे जमलेले पैसे) ब्लाइंड धरून साडेसात. फ्लॉप राजा, नऊ, चार, त्यात दोन बदाम. तो ५ बेट करतो. इथे बरेच जण "घाबरून पळेल" म्हणून नुसता कॉल करतात. तसं केलं आणि टर्नला (चौथ्या पानावर) १२, रिव्हरला (पाचव्या पानावर) ३० गेले तरी एकूण ५० च होतात, अर्धा स्टॅक तसाच राहतो! मी तिथेच १५ केले, त्याने कॉल केला. टर्नला बिनकामाची दुर्री, तो चेक (बेट न करता माझ्याकडे सोपवतो), मी २५, परत कॉल. पॉट साडेसत्त्याऐंशी आणि मागे ५७, म्हणजे रिव्हरला ऑल-इन (उरलेलं सगळं टाकणं) अगदी सहज बसतो, आणि एक्का-राजावाल्याने तोही कॉल केला. छोट्या स्टेक्सवर लोक टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वात मोठ्या पानाशी जमलेली जोडी) सोडत नाहीत हो, त्यामुळे सेट लपवत बसू नका, पॉट फ्लॉपपासूनच वाढवा. शिवाय दोन बदाम असताना फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाची पाच पानं व्हायला एकच कमी असलेला हात) सुद्धा पैसे भरतो, आणि सेटसमोर तो साधारण चारातून एकदाच जिंकतो.

सेट नाही लागला तर? फ्लॉप राजा-राणी-नऊ आणि तुमच्याकडे चार-चार, म्हणजे न दिसलेल्या ४७ पानांतली फक्त २ तुमच्या कामाची. तुमचा तो "एखादा कॉल" इथेच मारतो. हां, सहा-सहावर पाच-तीन-दोन आलं आणि समोर एकटाच असेल तर एक बेट जरूर कॉल करा, टर्नला तो परत जोरात आला की मात्र सोडा.

पोझिशनचं (खेळी करायच्या क्रमाचं) थोडक्यात : शेवटी बोलायला, म्हणजे खेळी करायला, मिळत असेल तर या जोड्या मनापासून खेळा, स्मॉल ब्लाइंडमधून (छोट्या सक्तीच्या बेटाच्या जागेवरून, जिथे फ्लॉपनंतर आधी बोलावं लागतं) जरा जपून.

आणि कधीतरी तुमच्या सेटवर मोठा सेट निघेल. दोघांकडे जोडी असली तरी फ्लॉपवर दोघांनाही सेट लागणं शंभरात एखाद्या वेळी होतं, त्यामुळे १०० ब्लाइंडच्या स्टॅकवर त्या भीतीने सेट फोल्ड करायला जाऊ नका.