सेकंडहँड स्विफ्टसाठी जॅक आणि पाना: कुठला घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2013 ची स्विफ्ट व्हीएक्सआय सेकंडहँड घेतली, डिकीतली चटई उचलून पाहिली तर स्टेपनी जागेवर, पण जॅक आणि पाना दोन्ही गायब. आता ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला सेट घ्यावा, हायड्रॉलिक बाटली जॅक घ्यावा, की लायटरच्या सॉकेटवर चालणारा इलेक्ट्रिक? गाडी जास्त करून वहिनी चालवतात, त्यांनाही जमलं पाहिजे.

माझं विचाराल तर तिन्ही नकोत. जॅक त्याच मॉडेलचा जुना, कंपनीचाच घ्या आणि वाचलेले पैसे पान्यात घाला. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. जॅकवर खर्च करतात आणि पाना फुकट आलेला वापरतात.

आधी जॅकचं बोलू. स्विफ्टच्या दाराखाली पत्र्याची एक उभी कडा असते. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे त्या कडेला दोन-दोन खाचा दिसतील, त्यांच्या मधेच जॅक लावायचा. कंपनीच्या सिझर जॅकच्या (स्क्रू फिरवला की कात्रीसारखा उघडून वर येणारा) डोक्याला मधोमध चीर असते, कडा तिच्यात बसते. बाटली जॅकचं डोकं सपाट आणि छोटं. त्यावर गाडीचं वजन आलं की कडा दुमडते, रंग फुटतो, आणि पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट उंचीची. ही मी स्वतः भोगली आहे. आधीच्या गाडीसाठी मी हौसेने बाटली जॅक घेतला होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून पाहिला, मस्त बसला. पुढे ताम्हिणीत ऐन जुलैत पुढचं डावं चाक बसलं आणि जॅक गाडीखाली जाईचना! पार्किंगमध्ये टायरमध्ये हवा होती, घाटात नव्हती, एवढाच फरक. तुमच्या गाडीचा टायर 165/80 आर 14, म्हणजे 165 मिलिमीटर रुंदीच्या 80 टक्के, टायरची बाजू 132 मिलिमीटर उंच. हवा गेली की ती चेपते आणि गाडीचा तो कोपरा काही सेंटीमीटर खाली येतो. शेवटी मी ते सपाट चाक एका चपट्या दगडावर चढवलं, तेव्हा कुठे दोन बोटं जागा झाली. टायरची बाजू कातरली गेली ती वेगळीच. म्हणून जॅक कुठलाही घ्या, घरी एका चाकातली हवा पूर्ण सोडून लावून बघा. पंप जवळ असू द्या म्हणजे झालं. वरची उंचीही तिथेच कळते: चाक उचललं की सस्पेन्शन खाली लोंबतं, आणि हवा भरलेली स्टेपनी सपाट चाकापेक्षा जास्त जागा मागते.

शिवाय बाटली जॅक डिकीत आडवा पडून राहिला की तेल गळू शकतं. इलेक्ट्रिकबद्दल इतकंच म्हणेन की वायर, फ्यूज आणि मोटर या तीन गोष्टी बिघडायला आणखी वाढल्या.

पुण्यात असाल तर नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात बघा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. नवाच हवा असेल तर कंपनीच्या काउंटरवर चॅसिस नंबर देऊन विचारा. जुना घेताना स्क्रू शेवटपर्यंत वर नेऊन पुन्हा खाली आणा, मधे कुठे अडकला तर सोडून द्या. रिव्हेट ढिले नकोत, तळ वाकलेला नको. आणि टॉमी, म्हणजे फिरवायचा दांडा, त्याच जॅकचा मागून घ्या. जॅक घेऊन घरी आल्यावर टॉमी आठवणारे मी कमी पाहिले नाहीत. सिझर जॅक अगदी बंद असताना सुरुवातीचे काही फेरे सगळ्यात जड जातात, त्याला घाबरू नका. थोडं ग्रीस लावा.

आता पाना. स्विफ्टचे नट 19 मिलिमीटरचे, प्रत्येक चाकाला चार. (ह्युंदाई आणि टोयोटाला साधारण 21 लागतो, फोक्सवॅगन-स्कोडाला नटाऐवजी 17 चे बोल्ट असतात, म्हणून मित्राचा पाना उसना आणताना बघून आणा.) नट 100 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात असं धरा. पाना 25 सेंटीमीटरचा असेल तर टोकाला 40 किलोचा जोर लागेल, 50 सेंटीमीटरचा असेल तर 20 किलोचा. वहिनींना जमेल की नाही याचं उत्तर या एका हिशेबात आहे. लांब होणारा टेलिस्कोपिक पाना घ्या, सॉकेट आतून सहा कोनांचं हवं. बारा कोनांचं नटाची डोकी गोल करतं. प्लस पाना, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा चार तोंडांचा, चांगलाच, पण तुमच्या डिकीत खडखडेल, आणि पुढे अलॉय चाकं टाकलीत तर खोल भोकात त्याची जाड तोंडं जातीलच असं नाही.

जोर लावायची रीतही सांगून ठेवतो. गाडी उचलण्याआधीच, चाक जमिनीवर असताना, हँडब्रेक लावून गाडी गिअरमध्ये टाकून, पाना असा अडकवा की दांडा डाव्या हाताला आडवा येईल. मग त्यावर वरून वजन टाका. नट सैल होण्याचीच ती दिशा आहे. हाताच्या ताकदीचं काम उरत नाही.

तरीही नट हलत नसेल तर दोष बहुधा टायरवाल्याच्या गनचा. व्हील बॅलन्सिंग झालं की पोरं हवेची गन लावून करकचून आवळतात. मी आता दुकान सोडण्याआधी त्यांच्यासमोर माझ्या पान्याने प्रत्येक चाकाचा एक नट सोडवून बघतो. एका दुकानात मालक माझ्यावर वैतागला होता, पण तिसऱ्या चाकाचा नट त्याच्याच पोराला पान्यावर उभं राहून सोडवावा लागला, मग गप्प बसला.

सोबत फूटभर चौकोनी जाड प्लायचा तुकडा ठेवा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला जॅक मातीत रुततो. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली डोकं घालायचं नाही, कितीही छोटं काम असलं तरी.

जॅक त्याच्या खोबणीत ठेवल्यावर स्क्रू हाताने थोडा उघडा, म्हणजे तो दोन्हीकडे दाबून बसेल आणि खडखडणार नाही. आधीच्या मालकाने कदाचित त्या आवाजाला कंटाळूनच तो काढून घरी ठेवला असेल. एकदा फोन करून विचारा, फुकटात मिळून जाईल.