ढोलाचा दणका रेकॉर्डिंगमध्ये का उतरत नाही?

प्रश्न : आमच्या पथकाचा सराव सिंहगड रस्त्याजवळच्या मैदानात चालतो. समोर उभं राहिलं की छातीत धडधडतं; मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ताशा कर्कश आणि ढोल डबा बडवल्यासारखा. चांगला रेकॉर्डर घेतला तर फरक पडेल का?
– एक वादक, पुणे

उत्तर : पडेल, पण त्यातली ‘ऑटो लेव्हल’ (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद केलीत तरच. ताशाची तर्री (जलद, सलग वादन) अखंड चालू असते. ऑटो लेव्हल तिच्यामुळे सगळाच आवाज खाली दाबून ठेवते आणि ढोलाचा ठोका पडला की आणखी दाबते. ठोक्याची उसळीच सपाट होते, आणि सगळा जिवंतपणा त्या उसळीत असतो! ‘लो-कट’ही (खालचे सूर गाळणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर ढोलाचा खर्ज तिथेच कापला जाईल. वाऱ्यासाठी माइकवर फरचं कव्हर चढवा.

पथकाला सगळ्यात जोरकस हात (ठेका) अर्धा मिनिट वाजवायला सांगा आणि सर्वांत मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ.

लेव्हल कमी दिसत असूनही आवाज फाटत असेल, तर तो माइकमध्येच किंवा रेकॉर्डरमध्ये शिरताच फाटतोय. लेव्हल आणखी उतरवून काही होणार नाही. ‘३२ बिट फ्लोट’ही (लेव्हल नंतर सावरू देणारा फाइल-प्रकार) फाटलेला माइक सांधू शकत नाही. मागे सरका, किंवा माइकवर पॅडचं (आत येणारा आवाज कमी करणारं) बटण असेल तर ते दाबा.

जागा महत्त्वाची. पहिल्या रांगेपासून ४-५ मीटरवर, अडीच-तीन मीटर उंच स्टँडवर दोन कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारे) माइक लावा : तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन. ताशे पुढे असतील तर ढोलांच्या रांगेकडे थोडं सरका. मैदानाच्या कडेला भिंत असेल तर माइकची पाठ तिच्याकडे करा. ५० मीटरवरच्या भिंतीवरून येणारा पडसाद सुमारे ०.३ सेकंदांनी पोचतो आणि लय विस्कटल्यासारखी वाटते.

पावसाळी हवेत चामड्याचं पान सैल पडतं, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी ढोल पुन्हा ताणून घ्या. पडलेला सूर नंतर दुरुस्त होत नाही.

प्रश्न : आणखी दोन माइक आहेत. ते एका ढोलाच्या दोन्ही पानांजवळ लावावेत का?

उत्तर : जरूर, पानापासून २०-२५ सेंटिमीटरवर. टिपरू (ढोल वाजवायची काठी) पडलं की एक पान आत जातं आणि दुसरं बाहेर फुगतं. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले तर खर्ज एकमेकांना खातो. एकाची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही ट्रॅक एकत्र करून, ऐका; उलटी किंवा सुलटी, ज्यात खर्ज जास्त भरेल ती ठेवा. हा ढोल मुख्य माइकपासून ५ मीटरवर असेल तर जवळचे ट्रॅक साधारण १५ मिलिसेकंद उशिरा वाजतील असे सरकवा, आणि आवाज इतकाच ठेवा की बंद केल्यावर काहीतरी कमी झालं असं वाटावं. हा निर्णय मैदानात हेडफोनवर घेऊ नका : समोरच्या ढोलाचा खर्ज अंगात भिनतो आणि रेकॉर्डिंगमध्येही तो आहे असंच वाटतं. घरी ऐकून ठरवा.